गुलाबाईचं नाक

सन सत्तावन्नच्या ऑगस्टात आमच्या नकाशा-दफ्तरात चार जातींच्या विहिरी होत्या. नवं राज्य होऊन दहा महिने झाले होते. चार तुकडे जोडून ते केलेलं, आणि प्रत्येक तुकडा आपापले नकाशे बगलेत मारून आलेला. एकीकडे विहीर म्हणजे नुसतं वर्तुळ, दुसरीकडे वर्तुळात ठिपका, तिसरीकडे निळा ठिपका. चौथीकडे विहिरीच्या जागी सरळ ‘कुआँ’ असं लिहिलेलं. तिकडचे लोक भोळे असावेत. या सर्व विहिरींचं एकीकरण करण्यात यावं आणि ते होईपर्यंत कोणत्याही विहिरीस हात लावू नये, असं परिपत्रक वरून आलं होतं. आम्ही हात लावत नव्हतो.

मी मूळचा नागपूरचा, बी.ए. झालेला. बऱ्हाणपूरला माझी नेमणूक झाली तेव्हा दोन्ही गावं एकाच प्रांतात होती. मग एके दिवशी सकाळी नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि मी इकडेच राहिलो. ‘आपण कोणत्या राज्यात जाऊ इच्छिता’ असा फॉर्म आला होता. मी तो भरून दिला. त्याचं उत्तर अजून यायचंय.

तोवर मी बुधवारा पेठेत शालिग्रामबाबूंच्या माडीवर भाड्याने राहत होतो आणि खाली त्यांच्याच घरी जेवत होतो. शालिग्रामबाबू आमच्या दफ्तरातले सर्वांत जुने ट्रेसर. जुन्या नकाशावर मेणचट ट्रेसिंग कापड ताणायचं आणि खालची प्रत्येक रेघ वर जशीच्या तशी उतरवायची, हे त्यांचं काम. त्यांच्या हाताला तोड नव्हती. मूळ नकाशा कोणता आणि त्यांचा कोणता, हे फक्त झुरळांना कळायचं. ती मूळ नकाशा खात.

असा हा माणूस एकेकाळी मनाने चित्रं काढायचा, हे मला मंगलावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सांगितलं तेव्हा मी पोळी हातात धरून बसून राहिलो होतो.

झालं होतं असं. अकरा वर्षांपूर्वी शालिग्रामबाबू मोजणीवाल्यांबरोबर डोईफोडियाला गेले होते. गावाबाहेर एक अवाढव्य चिंच. दुपारभर त्या चिंचेखाली बसले, जेवले, झोपले. परत आल्यावर गावाचा नकाशा उतरवताना त्यांनी ती चिंच काढली. नुसती खूण नाही, चांगली फांद्या-बिंद्या असलेली, खाली सावलीसकट. पंधरा दिवसांनी साहेबांचा मेमो आला. ‘मूळ नकाशात नसलेले झाड आपण कोणाच्या आदेशाने लावले, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.’ खुलासा काय करणार? जेवलो होतो, असा? चिंच खरवडून काढली. मेमो घडी करून त्यांनी देवाच्या फोटोमागे ठेवला आणि त्यानंतर खाली काहीतरी असल्याशिवाय वर एक रेघ ओढली नाही.

आता अलका. शालिग्रामबाबूंची एकुलती मुलगी, सतरा सरून अठरावं लागलेलं. लग्न भुसावळच्या रेल्वेतल्या मुलाशी ठरलं होतं, मार्गशीर्षात. भुसावळ म्हणजे गाडीने दोन तास. पण आता ते दुसऱ्या राज्यात होतं, त्यामुळे आजूबाजूच्या बायका ते विलायतेत असल्यासारखा उसासा टाकून बोलत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना अलका म्हणाली, “बाबा, या वर्षीची गुलाबाई तुम्ही करायची.”

ज्यांना गुलाबाई ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तापीकाठच्या मराठी घरांत भाद्रपदाच्या पौर्णिमेला मातीची गुलाबाई बसते, शेजारी तिचा नवरा गुलोजी. ती महिनाभर माहेरपणाला आलेली असते. रोज संध्याकाळी मुली घरोघर जाऊन तिची गाणी म्हणतात आणि गाण्यांनंतर ज्या घरी जमतात तिथला खाऊ ओळखतात. खाऊ बंद डब्यात असतो. डबा कानाशी हलवायचा, आवाजावरून सांगायचं: चिवडा, दाणे, खोबरं. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. महिन्याने, कोजागिरीला, गुलाबाई तापीत सासरी जाते.

“कुंभार करतो की,” शालिग्रामबाबू म्हणाले. “रांगेनं मांडल्यात बाजारात.”

“कुंभाराची नको. तुम्ही केली होती ना, मी पाच वर्षांची असताना?”

ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. त्या वर्षी मांजराने कुंभाराची गुलाबाई फळीवरून खाली पाडली. अलका रडून रडून निळी झाली. शालिग्रामबाबूंनी तापीवरून माती आणली आणि एका सकाळीत दुसरी घडवली. नाक वाकडं, आणि त्या वाकड्या नाकाखाली ती अशी हसत होती, की बुधवाऱ्यातल्या बायका तिला पाहायला येत. कोजागिरीला नदीवर नेताना ते नाक वाटेत कुठेतरी पडलं. अलका पुन्हा निळी. तेव्हा शालिग्रामबाबू म्हणाले होते, “अगं, बरं झालं! नाक माहेरी राहिलं. आता पुढच्या वर्षी न येऊन सांगते कुणाला?”

पुढच्या वर्षी मेमो आला.

“माझी ही शेवटची गुलाबाई आहे,” अलका म्हणाली. “पुढच्या वर्षी मी तिकडे. तुमच्या हातची नसली तर बसवायचीच नाही.”

मंगलावहिनींनी कपाळावर हात मारला. बसवायची नाही म्हणजे काय? लग्नाच्या वर्षी? पण अलका बापासारखीच होती. एकदा ओढलेली रेघ हलत नसे.

शालिग्रामबाबू बराच वेळ ताटातल्या भाताला आकार देत राहिले. मग म्हणाले, “ठीक आहे. नमुना आण.”

“नमुना नाही मिळणार.”

“नमुन्याशिवाय कशी करू?”

“तेव्हा कशी केली?”

शालिग्रामबाबूंनी ताट बाजूला सारलं. खरं सांगायचं तर त्यांचं तोंड मेमो आल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी माती आली. पाच दिवसांत त्यांनी गुलोजी केला, गुलाबाईचं धड केलं, हात केले. सगळं फूटपट्टीने. दोन्ही खांदे एका पातळीत. लुगड्याच्या निऱ्या मोजून समान अंतरावर. गुलोजीला दोन डोळे टोचले आणि मिशी चिकटवली, तेवढ्यावर भागलं. “नवऱ्याच्या तोंडाकडं कोन पाह्यते?” असं शेजारच्या गोदाबाईंनी प्रमाणपत्र दिलं. पण गुलाबाईच्या मानेवर एक गुळगुळीत गोळा होता आणि त्या गोळ्यासमोर शालिग्रामबाबू रोज संध्याकाळी तासभर बसत. गोळा त्यांच्याकडे बघे, ते गोळ्याकडे बघत. मग गोळ्यावर ओलं फडकं टाकून ते हात धुवायला उठत.

“यांचं डोकं आटलंय,” मंगलावहिनी मला म्हणाल्या. “तुम्ही शिकलेले ना श्रीकांत भाऊ? काही उपाय असेल की पुस्तकात.”

मी शिकलेला असल्याने चिंतन सुचवलं. मन एकाग्र करावं, उत्तम मूर्तींचं स्मरण करावं. गोदाबाई ओट्यावर वाती वळत होत्या. साठीच्या, दात चार, मत भरपूर. त्या म्हणाल्या, “एकाग्र होऊनच तं बसला ना बापा तो अकरा साल! याले खेळू द्या. लेकरायचं कधी आटते का? काहून नाही आटत? दिवसभर बिनकामाचं करतात.”

आणि पौर्णिमेला आठ दिवस राहिले असताना त्या ओट्यावर बिनकामाचं सुरू झालं.

पहिल्या संध्याकाळी गोदाबाईंनी तांब्यातलं पाणी फरशीवर सांडलं. “बोला, काय दिसते?” अलकाला त्यात कोंबडा दिसला. मंगलावहिनींना गाठोडं घेऊन निघालेली सासू दिसली; कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही. मला, लाज वाटते सांगायला, हिंदुस्थानचा नकाशा दिसला.

शालिग्रामबाबूंनी चष्मा पुसून नीट पाहिलं. “ओल.”

“ओल काय?”

“ओल आहे ही.”

“शालिग्राम भाऊ,” गोदाबाई म्हणाल्या, “पान्याकडं पाहून ओल म्हनतो. मंग मले पाहून काय म्हनशीन, म्हातारी?”

ते पुन्हा चष्मा पुसू लागले. सज्जन माणूस.

दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने रांगोळी. उजवा हात शहाणा झालेला असतो, डावा अजून पोरकट असतो, असं गोदाबाईंचं शास्त्र. माझ्या डाव्या हाताने मोर काढला. तो बादलीसारखा आला आणि सगळे पोट धरून हसले. शालिग्रामबाबूंनी डाव्या हाताने रेघ ओढली. सरळ. दुसरी ओढली. पहिलीला समांतर. सरकारने दोन्ही हात जमा करून घेतले होते.

मग एके दिवशी गाण्याचा खेळ. एकीने ओळ टाकायची, दुसऱ्याने मनाची जोडायची. गोदाबाईंनी टाळी देऊन सुरुवात केली, “गुलाबाई निघाली सासरला, संगं तिच्या काय देऊ?” वहिनींनी केळीच्या घडापासून सुरू केलं. अलकाने सोबत मांजर दिलं, म्हणजे भुसावळची भांडी फुटतील. मी ‘परतीचं तिकीट’ दिलं आणि स्वतःवरच खूश झालो. सगळे शालिग्रामबाबूंकडे वळले. त्यांच्या कपाळावर घाम आला.

“संगं… सोबत…” ते म्हणाले, “सोबत नक्कल जोडली आहे.”

अलका हसली नाही. बाकी आम्ही हसलो, पण तिच्याकडे लक्ष गेल्यावर थांबलो. ती उठून आत गेली. फडक्याखालचा गोळा कोपऱ्यात तसाच होता आणि पौर्णिमा सहा दिवसांवर आली होती.

त्या रात्री जेवताना शालिग्रामबाबू मला हळूच म्हणाले, “हसू येतं हो मलाही. पण तोंडाशी येईपर्यंत वाटतं, खाली काही नाहीये याच्या.”

रोजच्या खेळानंतर डबा यायचा. गुलाबाईला अवकाश होता, पण गोदाबाई म्हणाल्या सराव बरा. पितळेचा उभा डबा, झाकण घट्ट. चिवड्याचा आवाज सगळ्यांना कळतो. दाण्यांचा कळतो. एकदा वहिनींनी दराबा ठेवला. बऱ्हाणपूरचा दराबा, रवा-तूप-साखरेचा, लोण्यासारखा असतो, डब्याला चिकटून बसतो, आवाजच नाही. मी ‘रिकामा’ म्हणालो आणि माझ्या वाटणीचा दराबा गोदाबाईंनी खाल्ला. शालिग्रामबाबू मात्र डबा हातात घ्यायचे, एकदा हलवायचे आणि परत द्यायचे.

“उघडल्याशिवाय कसं सांगू?”

“उघडल्यावर तर मांजरही सांगेल, बाबा.”

“चूक निघाली तर?”

“तो क्या होगा? मेमो येईल?”

हे तिला बोलायचं नव्हतं. पण बोलली खरी, आणि देवाच्या फोटोकडे कुणी बघितलं नाही.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी कुठलाच खेळ झाला नाही. कुणात जीव नव्हता. वहिनींनी गुपचूप बाजारातून कुंभाराची गुलाबाई आणून गोदाबाईंच्या घरी लपवली होती. मुलगी ऐनवेळी ऐकेल अशी आशा. अलका डबा घेऊन ओट्यावर आली. रोज डबा वहिनी भरत. आज तिने स्वतः भरला होता.

तिने तो हलवला. टक. थांबून पुन्हा, टक. आत एकच काहीतरी होतं, छोटं आणि टणक.

“सुपारी,” गोदाबाई.

“नाही.”

“बदाम,” वहिनी.

“नाही.”

मी डबा मागून घेतला. दराब्याचा डाग धुऊन काढायचा होता. नीट ऐकलं. सुपारीसारखं गोल घरंगळत नव्हतं. आडवं पडून आपटत होतं. “खारीक!” मी म्हणालो.

अलकाने माझ्याकडे पाहिलं. “नाही.”

मग अलका डबा बापासमोर धरून उभी राहिली. शालिग्रामबाबूंनी डबा घेतला. चष्मा काढून शेजारी ठेवला. डोळे मिटून डबा कानाशी नेला आणि फार हळू, झोपलेल्या पोराला हलवावं तसा, हलवला.

टक.

पुन्हा टक.

“नाक,” ते म्हणाले.

गोदाबाईंचे चारही दात दिसले. “कोनाचं नाक रे बापा?”

“तिचं. वाटेत पडलं होतं ते.” त्यांचे डोळे मिटलेलेच होते. “तू उचलून ठेवलं होतंस ना, अलका? इतकी वर्षं?”

अलका एक क्षण त्यांच्याकडे पाहत राहिली.

“बरोबर,” ती म्हणाली.

“उघड बघू.”

“अहं. आधी गुलाबाई. डबा मग.”

शालिग्रामबाबूंनी वाद घातला नाही. डबा पुन्हा कानाशी नेला, आणखी दोनदा ऐकला, आणि तसेच आत जेवायला गेले. ताटावर बसल्यावर आपल्याशीच बोलावं तसं म्हणाले, “डावीकडे वळलेलं होतं. म्हणून उजवा गाल वर गेला होता.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. नोकरीतली पहिली. कारणाच्या रकान्यात काय लिहावं याचा दहा मिनिटं विचार करून ‘घरगुती’ लिहिलं आणि अर्ज माझ्याबरोबर पाठवला. मी दुपारी परत आलो तेव्हा अंगणात उन्हात गुलाबाई वाळत होती. नाक डावीकडे, उजवा गाल वर, एक भुवई अशी की आता काहीतरी खवचट बोलणार. निऱ्या विस्कटल्या होत्या. एक खांदा उतरला होता. महिनाभर माहेरी राहायला आलेली आणि अजून गाठोडंही न सोडलेली बाई जशी दिसते, तशी ती दिसत होती. शालिग्रामबाबूंच्या कोपरापर्यंत माती होती आणि चष्म्यालाही.

गोदाबाई आल्या, पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “अगं माय! हे तं माही नणंद!”

“आता डबा,” शालिग्रामबाबू म्हणाले.

अलकाने झाकण उघडलं. आत खारीक होती.

त्यांनी ती चिमटीत धरली. खारकेकडे पाहिलं, गुलाबाईकडे पाहिलं, मग पोरीकडे. “मग ते नाक?”

“मला काय माहीत? मी तेव्हा खूप शोधलं. नाही सापडलं.” अलकाचे डोळे भरले होते पण ओठ आवरत नव्हते. “मी तर खाऊच ठेवला होता. तुम्ही इतक्या वर्षांनी काहीतरी बोललात. त्याला नाही कसं म्हणू?”

शालिग्रामबाबूंनी खारीक तोंडात टाकली. सावकाश चघळली, बी काढून कोनाड्यात ठेवली. “चुकलो म्हणजे.”

“मंग रोज चुकत जाय,” गोदाबाई म्हणाल्या.

खारीक मी आधी ओळखली होती, याकडे मी तिथे सर्वांचं लक्ष वेधलं. कुणीही दखल घेतली नाही.

त्या महिन्यात ते बरेच चुकले. सांडलेल्या चहात त्यांना आमचे साहेब दिसले, टोपीसकट. गुलाबाईला सासरी जाताना त्यांनी गाण्यातून चार प्रकारच्या विहिरी दिल्या, म्हणजे पाण्याचा वांधा नको. आणि हिवाळ्यात एकीकरणाचे नवे नकाशे निघाले तेव्हा डोईफोडियाच्या बाहेर एक चिंच होती, फांद्या-बिंद्या असलेली, सावलीसकट. मी श्वास रोखून वाट पाहिली. मेमो आला नाही. प्रत्येक साहेबाला वाटलं, ही दुसऱ्या तुकड्याची खूण असणार.

पण ते नंतरचं. कोजागिरीला दिवस मावळायच्या आत आम्ही गुलाबाई घेऊन राजघाटावर गेलो. मुली गात होत्या, अलका मूर्ती धरून पुढे. पायऱ्यांवर तिने मूर्तीवरची फुलं बाजूला केली आणि थांबली.

“बाबा, नाक?”

गुलाबाईला नाक नव्हतं. नाकाच्या जागी सुरीने कापल्यासारखी स्वच्छ खूण होती.

“पडलं असेल वाटेत,” शालिग्रामबाबू नदीकडे बघत म्हणाले. त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशात होता आणि घरी जाईपर्यंत तो बाहेर आला नाही.

मार्गशीर्षात अलका भुसावळला गेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पहिल्यांदा माहेरी आली ती मला आठवते. पायावर पाणी घेतलं नाही, आईच्या गळ्यात पडली नाही. सरळ आत जाऊन फळीवरचा पितळी डबा काढला आणि कानाशी हलवला. टक. मग म्हणाली, “हं, आता पाणी द्या.” पुढे तिची मुलं झाली, तीही आली की आधी डबा हलवत. झाकण कुणी उघडलेलं मी पाहिलं नाही. नाक माहेरीच होतं, ओळखायचं काही राहिलंच नव्हतं.

मी नंतर बदल्यांवर फिरत राहिलो. गेल्या वर्षी कामासाठी बऱ्हाणपूरला उतरलो तर बुधवाऱ्यात गेलो. शालिग्रामबाबू जाऊन तीन वर्षं झाली. गोदाबाई त्याच्या कितीतरी आधी. मंगलावहिनी थकल्यात, कमी ऐकू येतं, पण मला ओळखलं. चहा झाला. जुनं निघालं. मग त्या उठल्या, फळीशी गेल्या आणि डबा माझ्या हातात ठेवून समोर बसल्या.

“ओळखा,” म्हणाल्या.

मी हलवला. टक.

मी वहिनींकडे पाहिलं. “खारीक,” म्हणालो.

“बरोबर,” वहिनी म्हणाल्या आणि डबा परत फळीवर ठेवला.